फोर-बाय-फोर पिकअपमधला ‘खट्’ आवाज वारंवार परत येत असेल तर

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांची फोर-बाय-फोर पिकअप मार्च महिन्यात, म्हणजे ऐन हंगामात, आमच्या गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा आली, तेव्हा त्यांनी गाडीतून उतरता उतरताच सांगितले, “दादा, आवाज परत आला.” पहिल्या गिअरमध्ये गाडी हलताना एकदा ‘खट्’, रिव्हर्स टाकून क्लच सोडताना पुन्हा एकदा ‘खट्’, आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडून लगेच दाबला की त्याहून मोठा ‘ठण्’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, अशी त्यांची तक्रार होती. पहिल्या वेळी आम्ही मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब नळीचा, क्रॉस (तिच्या टोकाचा वाकणारा सांधा) बदलला होता आणि गाडी साधारण सहा आठवडे शांत राहिली होती. दुसऱ्या वेळी शाफ्टच्या सरकत्या जोडाला, म्हणजे शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या दातेरी जोडाला, ग्रीस भरले आणि तीन आठवडे आवाज गेला. दोन्ही वेळा केलेले काम चुकीचे नव्हते, परंतु दोन्ही वेळा आम्ही आवाज जिथे उमटत होता तेवढीच जागा दुरुस्त केली. तो भाग झिजण्याचे कारण गाडीतच राहिले होते.

नाशिक परिसरात अशा गाड्या पुष्कळ आहेत. कोणी बागेतून क्रेट भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातो, कोणी पेठ-सुरगाण्याच्या घाटांत माल पोचवतो, कोणी आठवड्यातून दोनदा कसारा घाट उतरून मुंबईला जातो. या सर्वांच्या तोंडी हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत असते, म्हणून तपासणीची जी पद्धत आम्ही आता पाळतो ती इथे सविस्तर लिहीत आहे. गाडीमालकाला यातील निम्मी तपासणी स्वतः करता येते, आणि ती केली असेल तर मेकॅनिकसमोर तक्रार मांडणे फार सोपे जाते.

आवाज नेमका कशाचा असतो

इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचताना क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी), पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, त्यांवरचे क्रॉस, डिफरेन्शियलमधील क्राउन-पिनियन (ताकद वळवून चाकांकडे देणारी दातेरी चक्रांची जोडी) आणि शेवटी अॅक्सल शाफ्ट अशी लांबलचक साखळी पार करते. या साखळीतील प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई, ज्याला गॅरेजमध्ये सर्वजण ‘प्ले’ म्हणतात, मुद्दाम ठेवलेली असते. दातांमध्ये तेलाचा थर राहण्यासाठी आणि गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो त्यासाठी ती आवश्यकच असते. नव्या गाडीत ही सर्व ढिलाई मिळूनही इतकी कमी असते की ती भरून निघताना आवाज जाणवत नाही. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजला, की या ढिलाईंची बेरीज होते आणि ताकदीची दिशा बदलताच संपूर्ण साखळी एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटते.

फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या लो रेंजमध्ये, हाच आवाज अधिक मोठा का येतो, याचे उत्तरही या बेरजेतच आहे. समजा डिफरेन्शियलचे गुणोत्तर ४.१, ट्रान्सफर केसमधील लो रेंजचे २.५ आणि पहिल्या गिअरचे ४ असेल, तर तिन्हींचा गुणाकार ४१ होतो. म्हणजे चाकाजवळ केवळ १ अंशाची ढिलाई असली तरी ती भरून काढण्यासाठी क्लचच्या बाजूला ४१ अंश फिरावे लागते, आणि तेवढ्या अवधीत कोणताही भार नसलेले इंजिन वेग घेते व नंतर दात दातावर आदळतात. त्यामुळे फक्त फोर-एलमध्ये बारीकसा ‘खट्’ येत असेल तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. तोच आवाज टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद, नेहमीची रेंज), सपाट रस्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये येत असेल तर मात्र तपासणी पुढे ढकलू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लांब नळीसारखा पोकळ प्रोपेलर शाफ्ट आवाज दोन्ही टोकांना सारखाच वाहून नेतो, आणि चॅसीची लोखंडी चौकट तो आवाज चालकाच्या सीटखाली आणून सोडते. म्हणून “आवाज गिअरबॉक्समधून येतो आहे” असे मालकाने ठामपणे सांगितलेल्या किती तरी गाड्यांमध्ये दोष मागच्या अॅक्सलवर सापडतो. आवाज कोठून येतो, यापेक्षा तो केव्हा येतो, हे नीट लिहून आणलेले आम्हाला अधिक उपयोगी पडते.

आधी वहीत नोंद करावी

गॅरेजला येण्यापूर्वी दोन दिवस गाडी चालवताना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात. आवाज एकदाच येतो की ठरावीक लयीत येत राहतो, गाडी थांबण्याच्या क्षणी येतो की हलण्याच्या क्षणी, वळणावर येतो की सरळ रस्त्यावर, भरलेल्या गाडीत येतो की रिकाम्या, गाडी थंड असताना येतो की घाट चढून गरम झाल्यावर, आणि टू-एच व फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीची रेंज) या दोन्हींमध्ये सारखाच येतो की वेगवेगळा. यातील प्रत्येक उत्तर साखळीचा एखादा भाग संशयातून वगळते.

लयीत येणाऱ्या आवाजाबाबत साधे गणित फार कामाचे आहे. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर असतो. ताशी १० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला साधारण १.२ वेळा फिरते, आणि डिफरेन्शियलचे गुणोत्तर ४.१ असेल तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळात सुमारे ५ वेळा फिरतो. म्हणून मोकळ्या मैदानात ताशी १० किलोमीटरने गाडी चालवून आवाज मोजावा. सेकंदाला एकदा किंवा त्याहून किंचित जास्त वेळा ‘टक्’ होत असेल तर दोष चाक, हब, अॅक्सल शाफ्ट किंवा क्राउन व्हीलच्या तुटलेल्या दातामध्ये शोधावा. सेकंदाला पाचच्या आसपास ठोके पडत असतील तर क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा पिनियन यांकडे पाहावे. कानाने मोजता येत नसेल तर शेजारी बसलेल्याने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून नंतर सावकाश ऐकावा. दिशा बदलताना एकदाच येणारा ठोका मात्र फिरण्याच्या वेगावर अवलंबून नसतो, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

गाडीखाली जाण्यापूर्वी

याविषयी थोडक्यात पण आग्रहाने सांगतो. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडी उचलायची असेल तर केवळ जॅकवर विसंबून न राहता चॅसीखाली किंवा अॅक्सलखाली घोड्या, म्हणजे भक्कम लोखंडी टेकू, लावल्याशिवाय अंग आत घालू नये. फोर-बाय-फोर गाडीत यापेक्षा वेगळा आणखी एक धोका असतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअर टाकलेला असूनही चाके मोकळी असतात, कारण गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. “गिअरमध्ये आहे, हलणार नाही” या समजुतीवर अनुभवी माणसेही गाडीखाली गेलेली मी पाहिली आहेत. तसेच काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर लागतो. अशा गाडीत प्रोपेलर शाफ्ट खोलला की हँडब्रेकही निरुपयोगी होतो.

उभ्या गाडीत ढिलाई शोधणे

ठोकळे पक्के लावल्यावर गिअर न्यूट्रलला घ्यावा, हँडब्रेक सोडावा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट फिरवून पाहावा. शाफ्ट काही अंश फिरून थांबेल. हे फिरणे म्हणजे डिफरेन्शियल आणि अॅक्सल यांची एकत्रित ढिलाई. ती डोळ्यांनी अंदाजण्यापेक्षा मोजणे चांगले. पिनियनच्या फ्लँजच्या (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात त्या गोल चकतीच्या) कडेवर आणि समोर स्थिर असलेल्या हाउसिंगवर खडूने एकमेकींसमोर रेघा माराव्यात, शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा आणि रेघ किती सरकली ते पट्टीने मोजावे. फ्लँजचा व्यास १०० मिलीमीटर असेल तर कडेवरचे ४ मिलीमीटर म्हणजे साधारण साडेचार अंश होतात. डिफरेन्शियलमधील लहान गिअरांचीही थोडी ढिलाई या मापात मिसळलेली असते, त्यामुळे काही अंश फिरणे स्वाभाविक आहे. त्याच बनावटीची चांगल्या स्थितीतील दुसरी गाडी मिळाल्यास तिचे माप घेऊन तुलना करावी, आणि आपले माप तारखेसह वहीत लिहावे, कारण सहा महिन्यांनी ते पुन्हा घेतल्यावर झीज किती वेगाने होत आहे ते कळते.

त्यानंतर क्रॉस पाहावा. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा काटा) एका हाताने आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हाताने धरून विरुद्ध दिशांना पिळावे. निरोगी क्रॉसमध्ये इथे कोणतीही हालचाल जाणवू नये. क्रॉसच्या चारही टोकांवर वाट्या असतात आणि प्रत्येक वाटीत सुईसारखे बारीक रोलर असतात. ग्रीस संपले की हे रोलर गंजतात, त्यांची तांबूस पूड वाटीच्या कडेने बाहेर येते आणि क्रॉसच्या दांड्यावर बारीक खाचा पडतात. वाटीभोवती अशी तांबूस रेघ दिसली तर हाताला ढिलाई लागली नाही तरी तो क्रॉस जाण्याच्या मार्गावर आहे, असे समजावे. ज्या क्रॉसला ग्रीसचे निपल आहे त्यात ग्रीस भरताना चारही वाट्यांमधून नवे ग्रीस बाहेर येते का, ते पाहावे. तीन वाट्यांमधून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर ती चौथी वाटी कोरडीच राहिली आहे आणि आवाज पुन्हा तिथूनच सुरू होईल. पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पट्ट्यात चालणाऱ्या गाड्यांचे ग्रीस पाण्याने आणि चिखलाने लवकर वाहून जाते. त्यातच धुण्याच्या ठिकाणी जोरदार पाण्याची धार थेट क्रॉसवर मारली जाते, म्हणून अशा गाड्यांना धुतल्यानंतर ग्रीस मारून घेणे आवश्यक आहे.

प्रोपेलर शाफ्ट खोलण्याची वेळ आली तर प्रथम दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी. एक क्रॉस वाकड्या कोनात फिरताना त्याच्या पुढच्या टोकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस योग्य दिशेत बसवलेला असेल तरच तो फरक भरून निघतो. सरकता जोड एका दाताने जरी चुकीचा बसला तरी गाडी थरथरू लागते, आणि मग आवाजाची जुनी तक्रार मिटवताना थरथरीची नवी तक्रार उभी राहते. अंबडच्या एका लेथवर शाफ्टचे बॅलन्सिंग दोनदा करूनही न गेलेली थरथर केवळ हा जोड योग्य दातावर बसवल्याने गेल्याचे मी स्वतः अनुभवले आहे.

दोन तुकड्यांचा लांब शाफ्ट असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर हाताने वरखाली दाबून पाहावे. ते फाटलेले असेल तर गाडी हलताना शाफ्ट वर उसळून चॅसीच्या आडव्या पट्टीला लागतो, आणि तिथे घासल्याची चकाकणारी खूणही दिसते.

पिनियनचा शाफ्ट वरखाली हलत असेल तर आतील बेअरिंग गेलेले आहे. त्या वेळी वरचा नट आवळून काम भागवण्याचा मोह होतो, परंतु तसे कधीही करू नये. पुष्कळ गाड्यांमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये चेपली जाणारी नळी असते आणि नटाच्या ताणावर बेअरिंगचा दाब ठरलेला असतो. नट अंदाजाने आवळला की बेअरिंग काही दिवसांत जळते, आणि मग संपूर्ण डिफरेन्शियल खोलण्याचा खर्च माथी येतो.

डिफरेन्शियलचे तेल काय सांगते

तेल बदलताना खालच्या प्लगवरील चुंबक पुसण्याआधी नीट पाहावे. करड्या रंगाचा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. नखाला टोचणारे तुकडे सापडले तर दात किंवा वॉशर तुटलेला आहे आणि गाडी पुढे चालवू नये. तेल दुधाळ झालेले असेल तर आत पाणी शिरले आहे. हे पाणी शिरण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. लांबचा प्रवास करून अॅक्सल तापलेला असताना गाडी फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यात शिरली की हाउसिंग एकदम थंड होते, आतील हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढले जाते. अॅक्सलवरील हवेची नळी, म्हणजे ब्रीदर, मोकळी असेल तर हवा आत येते. ती मातीने बुजलेली असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत येते. ज्या गाडीच्या डिफरेन्शियलमधून दर पावसाळ्यानंतर आवाज येतो तिचा ब्रीदर सर्वांत आधी तपासावा, कारण ते काम पाच मिनिटांचे आहे.

पुढच्या बाजूचे आवाज

पुढच्या चाकांचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक पिकअपमध्ये फोर-एच लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना कडक जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीतून जातात आणि त्यांना जास्त अंतर कापावे लागते, पण शाफ्ट मात्र सारख्याच वेगाने फिरत राहतात. चिखलात टायर घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसल्याने साखळीत पीळ साचत जातो, स्टिअरिंग जड होते, आणि मध्येच एखादे चाक उसळून ‘धाड्’ असा आवाज येतो. टू-एचचा लिव्हर ओढला तर तो निघत नाही आणि निघाला की पुन्हा मोठा ठोका बसतो. हा दोष नसून गाडीच्या रचनेचा परिणाम आहे. अशा वेळी मोकळ्या जागेत सरळ रेषेत थोडे मागे घेतले तर पीळ उतरतो. मात्र रोज कोरड्या रस्त्यावर फोर-एच लावून चालण्याची सवय असेल तर क्रॉस, ट्रान्सफर केसमधील खरीखुरी लोखंडी साखळी आणि क्राउन-पिनियन या सर्वांचे आयुष्य घटते, आणि दुरुस्तीनंतरही आवाज परत येत राहतो. पुढे एका कंपनीचे नवे टायर आणि मागे झिजलेले जुने टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ साचतो, म्हणून चारही टायरांचे माप आणि हवा सारखी ठेवावी.

काही ट्रान्सफर केस आतल्या लोखंडी साखळीवर चालतात; ती साखळी ताणली गेली की चढावर जोर लावताच ती दातांवरून उडी मारते आणि हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. तो आवाज पुन्हा पुन्हा येऊ देणे धोक्याचे आहे, कारण तुटलेली साखळी केसचे कवच फोडू शकते.

पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर ‘कट्कट्कट्’ असा लयीतला आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जोडाचे रबरी बूट फाटले आहे का, ते पाहावे. फाटलेल्या बुटातून ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला पसरलेले असते. हबवरील लॉक, म्हणजे पुढचे चाक ड्राइव्ह शाफ्टला जोडणारी कळ, अर्धवट बसले असेल तर खरखरीत, दाते निसटल्यासारखा आवाज येतो. दोन्ही बाजूंची लॉक एकाच स्थितीत आहेत ना, हे आधी पाहावे.

दोष पुढे आहे की मागे, हे काही केल्या ठरत नसेल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट पूर्ण खोलून बाजूला ठेवावा आणि गाडी टू-एचमध्ये थोडे अंतर चालवावी. आवाज गेला तर दोष पुढच्या साखळीत आहे, राहिला तर मागे. ही चाचणी फक्त टू-एच असलेल्या गाड्यांवर करावी. चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाड्यांवर ती करू नये. ज्या शाफ्टचे टोक थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरते तो ओढल्यास तेल बाहेर सांडते, त्यामुळे तसा शाफ्ट असेल तर ही चाचणी गॅरेजवरच सोपवावी.

साखळीबाहेरची कारणे

इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी फाउंडेशन फाटली असतील तर जोर पडताच संपूर्ण इंजिन कलते आणि सुटताना आपटते. एकाने ब्रेक घट्ट दाबून क्लच अर्धा सोडावा आणि दुसऱ्याने बोनेट उघडून बाजूने पाहावे. गाडीच्या समोर मात्र कोणीही उभे राहू नये. शॉक अॅब्सॉर्बरचे बुश, बॉडी माउंटिंगचे रबर, सायलेन्सरची सुटलेली पट्टी, हौद्यातला फाळका आणि सीटखाली सुटा पडलेला जॅक हेही असेच आवाज करतात. त्यांची तपासणी कमी खर्चाची असल्याने ती आधी करावी.

आता मुख्य कारणाकडे येतो, कारण आमच्या गॅरेजला येणाऱ्या भरवाहू पिकअपमध्ये वारंवार परत येणाऱ्या आवाजाचे हेच कारण मला सर्वाधिक वेळा सापडले आहे. मागचा अॅक्सल कमानपाट्यांवर यू-बोल्टांनी आवळलेला असतो आणि पाटे एकत्र ठेवणारा मधला सेंटर बोल्ट अॅक्सलच्या छिद्रात बसून त्याची जागा पक्की करतो. गाडी जोराने हलवली की अॅक्सल स्वतःभोवती किंचित फिरू पाहतो आणि पिनियनचे तोंड वर उचलले जाते. यू-बोल्ट घट्ट असतील तर पाट्यांच्या लवचिकतेपुरतेच हे घडते. ते सैल झाले असतील तर अॅक्सल प्रत्येक वेळी आधी घरंगळतो आणि मग अडतो. पिनियनचा कोन सतत बदलल्यामुळे क्रॉसवर नको तेवढा ताण येतो, सरकता जोड गरजेपेक्षा जास्त आतबाहेर होऊन आपले ग्रीस बाहेर ढकलतो, आणि कोरडा पडला की गाडी थांबून पुन्हा निघताना अडकून झटक्याने सुटतो. आता पहिल्या परिच्छेदातील गाडी पाहा. क्रॉस बदलल्यावर सहा आठवडे आणि ग्रीस भरल्यावर तीन आठवडे शांतता का मिळाली, याचा उलगडा इथे होतो.

या गाडीत यू-बोल्टाचे नट वरून पाहता गंजलेले आणि घट्ट वाटत होते. म्हणून आम्ही पान्याने जोर न लावता प्रथम अॅक्सलची पट्टी आणि सर्वांत खालचा पाटा यांच्यावरून सलग खडूची एक रेघ ओढली, गाडीत नेहमीएवढे क्रेट भरले आणि बागायतदारांना पिंपळगावपर्यंत जाऊन यायला सांगितले. परत आल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून जवळजवळ ६ मिलीमीटर सरकलेले होते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजले, तर डावी बाजू उजवीपेक्षा कमी भरली, म्हणजे अॅक्सल एका बाजूने मागेपुढे सरकलेला होता. पाटे खोलल्यावर डावीकडचा सेंटर बोल्ट मधोमध तुटलेला निघाला, आणि त्याच्या तुटलेल्या तोंडावरचा गंज पाहता तो बरेच दिवसांपूर्वी तुटला असावा. पहिल्याच वेळी आम्ही ही रेघ ओढली असती तर त्यांना हंगामात तीनदा गाडी उभी करावी लागली नसती, याची खंत मला आजही आहे.

दुरुस्तीत नवे सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवेच घातले. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण त्यांचे आटे आणि धातू दोन्ही ताणलेले असतात आणि ते पुन्हा तेवढाच ताण धरत नाहीत. नट आवळताना गाडीचे वजन चाकांवर असावे, चारही नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पाना लावावा. क्रॉसमध्ये पुन्हा खाचा पडलेल्या होत्या, तोही बदलला. सरकत्या जोडाचे दाते स्वच्छ करून लिथियमचे ग्रीस भरले. फ्लँजवरची ढिलाई मोजून वहीत लिहिली, ती ३ मिलीमीटर होती, त्यामुळे डिफरेन्शियलला हात लावला नाही.

पाटे आणि नवे बोल्ट-नट भाराखाली बसायला थोडा वेळ लागतो. म्हणून भरलेल्या गाडीने दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर ती परत आणायला सांगितले, आणि त्या वेळी दोन नट खरोखरच आणखी थोडे आवळले गेले. त्याच वेळी पाट्यावरून पांढऱ्या रंगाची नवी रेघ मारून दिली आणि दर महिन्याला डिझेल भरताना खाली वाकून ती अखंड आहे का, एवढेच पाहण्यास सांगितले. पावसाळा संपल्यावर ते तेल बदलायला आले, तेव्हा चिखलाचा थर पुसून मी प्रथम ती रेघ पाहिली. ती जागच्या जागी होती, आणि फ्लँजवरचे मापही ३ मिलीमीटरच भरले.